वेळणेश्वर ते शिवसागर : पाण्याच्या उलट वाटेने

वेळणेश्वरला आलेला पाहुणा पहिले दोन दिवस समुद्रात डुंबतो, देवळात जाऊन येतो, हेदवीचा दशभुज गणपती आणि बामणघळ उरकतो आणि तिसऱ्या दिवशी घरमालकाला विचारतो, "आणखी काय बघण्यासारखं?" बहुतेक वेळा उत्तर येतं गुहागर, वेलदूर, फार तर जयगड. सगळं किनाऱ्याकिनाऱ्याने. माझं उत्तर वेगळं आहे. गाडी पूर्वेला वळवा, चिपळूण ओलांडा, कुंभार्ली घाट चढा आणि कोयना धरणाच्या शिवसागर तलावावर जाऊन एक रात्र काढा. एका बाजूचं अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. एवढ्यात समुद्रसपाटीवरून सुमारे ६५९ मीटर उंचीच्या पाण्याशी पोचता येतं. धरण काठोकाठ भरलं की पाण्याची पातळी साधारण तेवढी, म्हणजे २१६३ फूट असते.

हे काही लडाखचं पँगाँग नव्हे. तिथे चार हजार मीटरच्या वर श्वास लागतो, डोकं धरतं, पहिला दिवस नुसता पडून काढावा लागतो. शिवसागराला जाताना फार तर कानाला दडे बसतील, ते आवंढा गिळला की सुटतात. आजी-आजोबांना आणि शाळकरी पोरांना घेऊन निर्धास्त निघावं असा हा डोंगरावरचा तलाव आहे. उंचीचा आकडा लहान असला, तरी सकाळी पायाला वाळू लागलेली असताना दुपारी त्या उंचीवर बसून भाकरी खाणं सगळ्यांना जमत नाही. कोकणातल्या माणसाला जमतं, कारण सह्याद्री त्याच्या परसात उभा आहे.

शिवाय या रस्त्याला एक कथानक आहे, ते ठाऊक असेल तर प्रवासाची गोडी वाढते. शिवसागराचं पाणी विजेसाठी बोगद्यांतून पश्चिमेला, म्हणजे कोकणात सोडलं जातं. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात ते जवळपास अर्धा किलोमीटर खाली कोसळतं, कोळकेवाडीच्या धरणात साठतं, तिथून आणखी एकदा वीज देतं आणि मग वाशिष्ठी नदीला मिळतं. वाशिष्ठी चिपळूणवरून वाहत दाभोळच्या खाडीतून समुद्राला भेटते. म्हणजे तुम्ही ज्या रस्त्याने वर चढणार, जवळजवळ त्याच वाटेने ते पाणी खाली येत असतं.

म्हणून माझा आग्रह असा की आदल्या दिवशीची संध्याकाळ अंजनवेलला घालवा. गुहागरहून पुढे थोडं उत्तरेला गेलं की दाभोळ खाडीच्या दक्षिण ओठावर गोपाळगड उभा आहे. टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह जवळच. तिथून खाडीचं तोंड दिसतं, पलीकडे दाभोळ दिसतं आणि उजव्या हाताला खाडी आत वळत जाते. उद्या जे पाणी बघायचं त्याचा शेवट इथे आहे. किल्ल्याचा भाग चालताना बूट घाला, चपला नकोत. कातळावर गवत वाळलं की पाय घसरतो.

आता निघण्याचं. वेळणेश्वरहून पहाटे निघा, पण काळोखात नको. गावाबाहेरचा रस्ता अरुंद, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंनी गडगे आणि झाडी. समोरून एसटी आली तर एकाला मागे घ्यावीच लागते. पालशेतवरून मोडकाआगरला आलात की गुहागर-विजापूर महामार्ग लागतो. तिथून शृंगारतळी, मार्गताम्हाने, रामपूर करत चिपळूण. नकाशा पासष्ट किलोमीटर दाखवील नि सव्वा तास म्हणेल. तुम्ही दोन तास धरा.

या टप्प्यात बाहेर बघायची एक गोष्ट सांगून ठेवतो. आधी माड-पोफळीच्या बागा, मग सडे. रस्त्यासाठी फोडलेल्या कडा लालभडक जांभ्याच्या आहेत, आणि मध्ये मध्ये चिऱ्याच्या खाणी. खाणीजवळ क्षणभर थांबून बघा: यंत्राच्या पात्याने कातळावर उभ्या-आडव्या रेघा पाडलेल्या असतात आणि त्यातून साबणाच्या वड्या सुटाव्यात तसे चिरे सुटत जातात. ताजा चिरा आत जरा मऊ असतो, नखाने खरवडला तर लाल पूड येते. उन्हा-वाऱ्यात राहिला की घट्ट होतो. चिपळूण ओलांडून घाटाला लागलात की हा लाल रंग संपतो. घाटातला कापलेला डोंगर काळा असतो, तो लाव्हाचा कातळ, थरावर थर. घाटमाथ्यापर्यंत दगडाचा रंग बघत गेलात तरी मुलांचा भूगोलाचा एक धडा फुकट होईल.

चिपळूण हा या प्रवासातला कामाचा थांबा. इथे टाकी भरा, हवा तपासा, पैसे काढा, औषधं घ्या. पुढचा भरवशाचा मोठा बाजार पाटणला, तोही कोयनेच्या पलीकडे. वाशिष्ठी दिसली की पाण्याकडे बघा. कोकणातल्या बहुतेक नद्या एप्रिल-मेमध्ये डबक्यांच्या होतात, ही मात्र वाहती असते, ती वरून येणाऱ्या कोयनेच्या अवजलामुळे, म्हणजे वीज करून सोडलेल्या पाण्यामुळे. वीजनिर्मिती थांबली की खाली नदीतलं पाणी उतरतं आणि चिपळूणकरांच्या नळावर परिणाम होतो. हीच नदी २२ जुलै २०२१ ला शहरात शिरली होती. जुन्या बाजारपेठेत कुणी पाण्याची रेघ भिंतीवर दाखवली तर मान वर करून बघावी लागते. नदीत मगरी आहेत, हे विनोदाने सांगत नाही. पावसाळ्यात त्या कधी रस्त्यावरही येतात. पाय बुडवायचे असतील तर ते वेळणेश्वरच्या समुद्रातच बुडवून या.

बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा महामार्ग ओलांडून कराडचा रस्ता धरायचा. इथे एक काम आवर्जून करा: घाट चालू आहे का, हे विचारा. फोनवर सगळं दिसतं हे खरं, पण तासाभरापूर्वी पडलेली दरड किंवा वळणावर अडकलेला कंटेनर फोनला उशिरा कळतो. कराडकडून आलेला एसटीचा चालक, नाक्यावरचा रिक्षावाला, टपरीवाला यांना आधी कळतं. "दादा, कुंभार्लीला काय परिस्थिती?" एवढं विचारलंत की पुरे. पुढे खेर्डी, पिंपळी, शिरगाव, अलोरे, पोफळी. अलोरे-पोफळी ही वीज प्रकल्पाची वस्ती. तिथल्या वसाहतीतल्या घरांवरून आणि उंच तारांवरूनच ते ओळखू येतं. भूमिगत वीजगृह रस्त्यावरून दिसत नाही आणि ते बघायला सहजासहजी परवानगी मिळत नाही. तेव्हा फाटकाशी हुज्जत घालू नका.

पण आपण कशावरून जातो आहोत ते मनात असू द्या. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट, त्यातले १००० मेगावॅट एकट्या चौथ्या टप्प्याचे. त्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला भरलेल्या तलावाच्या तळाला खालून बोगदा भिडवला. याला लेक टॅपिंग म्हणतात. शेवटचा खडक स्फोटाने उडवायचा आणि तलावाचं पाणी बोगद्यात घ्यायचं, धरण रिकामं न करता. आशियातला तो पहिला प्रयोग मानला जातो. २०१२ मध्ये तो इथेच पुन्हा केला.

आता घाट. कुंभार्ली घाट अवघड नाही, पण कोकणातून देशावर जाणारी मालवाहतूक त्यातून चालते, म्हणून तो सावध माणसाचा घाट आहे. नव्या चालकासाठी काही गोष्टी सविस्तर लिहितो, कारण सहलीचा आनंद इथेच बिघडतो.

चढताना पुढच्या ट्रकच्या शेपटीला लागू नका. भरलेला ट्रक वळणावर गिअर बदलताना हातभर मागे येतो, कधी दोन हात. किमान एक गाडी मावेल एवढी जागा सोडा. त्याला ओलांडायचं तर सरळ तुकडा दिसेपर्यंत थांबा. ट्रकवाल्याने हात दाखवला तरी निर्णय तुमचा, कारण समोरून येणारं त्याला दिसत असलं तरी तुम्हाला दिसत नाही. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, आपली बाजू सोडू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा कायद्याचाच नियम आहे. तुम्ही उतरत असाल तेव्हा तो आठवा. क्लच अर्धा दाबून चढावर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर ती इथे सोडा. जळका वास आला की रुंद जागा बघून थांबायचं, बॉनेट उघडून मिरवायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं गाडी थंड होऊ द्यायची.

उतरताना जुन्या चालकांचं सूत्र: ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याचे ब्रेक तापतात आणि नेमके खालच्या वळणांवर दगा देतात. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे महाभाग अजून आहेत. त्यांच्या गाडीत बसू नका, मग ते सख्खे मेव्हणे का असेनात. धुकं असेल तर दिवे खालच्या झोतावर ठेवा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावले की तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही.

ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी. रिकाम्या पोटी घाट चढू नये आणि भरल्या पोटीही नाही. चिपळूणला तेलकट मिसळ हाणून लगेच घाट धरला तर दोष घाटाचा नाही. एखादं घावन किंवा केळं, चहा, आणि खिशात आमसूल किंवा आल्याची वडी. पुढच्या सीटवर बसायचं, मोबाइल बंद, नजर लांबवर. गोळी घेणारे असतील त्यांनी घाटाच्या पायथ्याशी नव्हे, अर्धा-एक तास आधी घ्यावी. चालकाने मात्र झोप आणणारी गोळी मुळीच घेऊ नये.

निम्मा घाट चढून आलं की हवा स्वच्छ असेल तर खाली कोळकेवाडीचं पाणी चमकताना दिसतं. बघण्यासाठी वळणावर थांबू नका, रस्त्याबाहेर पुरती गाडी उतरेल अशी जागा बघा. माकडं येतील. खायला घालू नका. एकाने वेफर्स दिले की पुढच्या गाडीतल्या मुलाच्या हातातून ती ओढून घेतात. एप्रिल-मेमध्ये करवंदं, जांभळं विकायला बसलेल्या बायका दिसतात. पानाच्या द्रोणात मिळाली तर तिथेच खा. प्लास्टिकच्या पिशवीतली घरी नेईपर्यंत चेंदामेंदा होतात.

घाटमाथा आला की हवा बदलते. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, या हिशेबाने वेळणेश्वरपेक्षा इथे चारेक अंश कमी. डिसेंबरच्या पहाटे तर फरक आणखी वाढतो, कारण समुद्रकाठी रात्र फारशी गार होत नाही. किनाऱ्यावर चड्डी-बनियनवर फिरणाऱ्यांनी एक स्वेटर आणलेला असावा. जेवणही इथेच बदलतं. खाली भात, कुळथाची पिठी, सोलकढी. वर ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. ज्याला एका दिवसात दोन्ही पचतात तो खरा प्रवासी. पोफळीपासून हेळवाकपर्यंत कुठेतरी गरम भजी मिळतातच, त्यात गुणदोष काढू नयेत.

हेळवाकला मुख्य रस्ता कराडकडे जातो आणि कोयनानगरचा फाटा फुटतो. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना सरळ दक्षिणेला येते आणि इथेच काटकोनात पूर्वेला वळते, मग कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. वळणाच्या जरा वर १०३ मीटर उंच आणि सुमारे ८०० मीटर लांबीची भिंत घातली. तिच्यामागे पन्नासेक किलोमीटर उत्तरेकडे पसरत गेलेलं पाणी म्हणजे शिवसागर. साठवण १०५ टीएमसी. एकाच तलावाचं पाणी दोन समुद्रांना जातं: सहा वक्र दरवाजांतून सोडलेलं कृष्णेतून बंगालच्या उपसागराला, बोगद्यांतून सोडलेलं दाभोळला. पश्चिमेकडे किती वळवायचं याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. खाली कोकणात उन्हाळ्यात पाणी-पाणी होत असताना समुद्राला जाणारं हे अवजल कुणाला द्यायचं, हा वाद पुष्कळ वर्षं चालू आहे.

धरणाच्या भिंतीवर जाता येत नाही. बंदोबस्त असतो, फोटोलाही मनाई असते. भिंत बघायला नेहरू उद्यान बरं, तिथून ती समोर दिसते. पण खरं सांगायचं तर भिंत ही दहा मिनिटांत बघून होणारी गोष्ट. गर्दी तिथे थांबते, सेल्फी काढते आणि परत फिरते. तुम्ही नवज्याचा रस्ता धरा. कोयनानगरहून हुंबरळीच्या अंगाने नवज्याकडे जाणारा हा रस्ता जंगलातून जातो आणि झाडीच्या फटींतून शिवसागर पुन्हा पुन्हा दिसत राहतो. कुठे अरुंद हात, कुठे पाण्यात उतरलेली डोंगराची सोंड. सकाळी आठच्या आधी किंवा दुपारी चारनंतर गेलात तर पाण्यावर उजेड तिरपा असतो. भर दुपारी ते नुसतं पांढरं दिसतं.

नवजा हे नाव पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात वाचलेलं असेल. कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर असे पावसाचे तीन आकडे छापून येतात आणि नवजा पुष्कळदा महाबळेश्वरला मागे टाकतं. जवळच ओझर्डेचा धबधबा आहे. पावसाळ्यानंतर लगेच, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, तो अंगात असतो. जानेवारीनंतर नुसता कडा बघायला जाऊ नका. पाणी असताना पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि झाडीत जळवा असतात. पायाला मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावून जा. जळू ओढून काढू नका, मिठाचा खडा लावा, सुटते.

हे सगळं सह्याद्री व्याघ्र राखीव क्षेत्राच्या अंगणात आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये ते झालं. म्हणून काठावर तंबू ठोकणं, चूल पेटवणं, स्पीकर लावणं हे करू नका. त्यात सभ्यतेबरोबर कायद्याचाही भाग आहे. जंगली जयगडसारख्या किल्ल्यावर जायचं तर वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या आधी ठरवा. पोहायला उतरू नका. धरणाचा काठ समुद्रासारखा हळूहळू खोल होत नाही, तो डोंगराचा उतार आहे. दोन पावलांवर पाणी डोक्यावरून जातं, आणि तळाला गाळ असतो.

त्या पाण्याखाली शंभराच्या आसपास गावांच्या जमिनी, घरं, देवळं गेली आहेत. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे प्रश्न तिसऱ्या पिढीपर्यंत आले तरी मिटलेले नाहीत. एखाद्या म्हाताऱ्याशी बोलायची संधी मिळाली तर गाव कुठे होतं ते विचारा. तो पाण्याकडे बोट करील. भूकंपाविषयीही विचारा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे झालेल्या भूकंपाने दीडशेहून अधिक माणसं दगावली. तेव्हापासून हा परिसर जगभरच्या भूकंपतज्ज्ञांच्या अभ्यासाचा झाला. बारीक धक्के अजून बसतात. रात्री मुक्कामाला असताना भांडी खणखणली तर यजमान कुशीवर वळून झोपतो, तुम्ही निदान बाहेर येऊन उभे राहा.

कधी जावं? ऑक्टोबर ते जानेवारी. तेव्हा तलाव भरलेला, डोंगर हिरवे, घाट कोरडा. मार्चपासून पाणी उतरलेलं दिसू लागतं आणि मेअखेर काठाला लाल मातीचे उघडे पट्टे पडतात. तेव्हा तलाव बघितलेला माणूस "एवढंच?" म्हणतो, आणि त्याचं चुकत नाही. जुलैत दृश्य विलक्षण असतं, पण धुक्यात तलाव दिसतच नाही आणि दरडींचा भरवसा नाही. गणपती आणि शिमग्याच्या आधी-नंतरचे चार दिवस टाळा. चाकरमान्यांच्या गाड्यांनी घाट आणि चिपळूण दोन्ही तुंबतात.

ज्यांना तलावात होडीने फिरायचंच आहे त्यांनी मात्र हा दक्षिणेचा काठ सोडून उत्तरेकडे जावं. तापोळा आणि बामणोलीला होड्या मिळतात. बामणोलीहून वासोटा किल्ल्याला जातात, तो पावसाळ्यात बंद असतो. तिकडे पाटण, सातारा, कास असा मोठा वळसा पडतो, त्याला आणखी दोन दिवस हवेत. फुलांच्या हंगामात कासच्या पठारावर गर्दी इतकी की वेळणेश्वरची शांतता सोडून तिथे रांगेत का उभं राहावं हे मला कळत नाही. खेडहून खोपीमार्गे रघुवीर घाट चढला की शिंदी, वळवण करत कांदाटी खोऱ्यात, म्हणजे शिवसागराच्या मागच्या दारात उतरता येतं. तो रस्ता देखणा आहे, पण एकाकी. मदत लांब, फोनला रेंज नाही, पावसाळ्यात प्रशासन पर्यटकांना तो बंद करतं. दोन गाड्या असल्याशिवाय आणि स्टेपनीत हवा असल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

गाडी नसेल तर चिपळूणहून कराडकडे जाणारी एसटी धरून हेळवाकला उतरायचं आणि पुढे स्थानिक जीप ठरवायची. सामान एका पिशवीत मावेल एवढंच घ्या.

परतीचं गणित नीट मांडा. दुपारी दीड-दोनला कोयनानगर सोडा. उशीर केलात तर घाट उतरताना सूर्य बरोबर समोर येतो. रस्ता पश्चिमेला उतरतो, काच मळकी असेल तर वळणावर काहीच दिसत नाही. म्हणून निघण्यापूर्वी पुढची काच आतून-बाहेरून पुसा, काळा चष्मा हाताशी ठेवा. चिपळूणला साडेतीनच्या सुमारास चहा झाला, तर मोडकाआगरपासून वेळणेश्वरपर्यंतचा अरुंद रस्ता उजेडात संपतो. त्या रस्त्याला संध्याकाळी गुरं घरी परतत असतात, त्यांना घाई नसते.